बत्तीस कंबरेचा जावई

जावईबापूंची नोकरी उत्तरं लिहिण्याची होती. पाणीखात्याच्या कचेरीत तक्रार विभाग नावाची एक लांबट खोली आहे. तिच्या टोकाला, जिथली खिडकी उघडत नाही तिथे, त्यांचं टेबल. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी स्वच्छ आहे पण ते वरच्या मजल्यावरून जिन्याने उतरतंय, अशा तक्रारी दिवसभर यायच्या. जावईबापू प्रत्येकाला सारख्याच आदराने कळवायचे, की आपल्या तक्रारीची नोंद घेतली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. (कार्यवाही नक्की कोण करतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. विचारून नसती जबाबदारी कोण गळ्यात घेणार?) दिवसभर परक्यांची समजूत काढून घरी आलेल्या माणसाला कोणी आणखी एक उत्तर लिही म्हटलं, की त्याच्या कपाळाला आठ्या पडणारच. आणि नेमकं तेच त्यांच्या बायकोने म्हटलं.

तिचे वडील, म्हणजे जावईबापूंचे सासरे, दुसऱ्या गावी एकटे राहायचे. हाडाचे शिंपी. कोट शिवण्यात त्यांची हयात गेली, आणि गावात अजून म्हणायचे की म्हाताऱ्याचा कोट अंगात घातला की कुबड आलेला माणूसही सरळ दिसतो. पण सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी शिलाई मशीनवर चादर टाकली, ती काही पुन्हा काढली नाही. बोलणंही आटलं.

"अहो, तुम्ही बाबांशी जरा बोलत जा ना," बायको म्हणाली. ती इस्पितळात नर्स, तिच्या ड्यूट्या उलटसुलट. "मी फोन केला की 'बरंय' म्हणतात आणि ठेवून देतात. तुम्ही दोघं पुरुष, आपसात काहीतरी बोलाल."

"बोलतो की," जावईबापू म्हणाले. हो म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

त्यांनी एकदा कसेबसे चार शब्द पाठवले आणि पलीकडचं धरण फुटलं. सासरे टाइप करत नसत, फोन तोंडाशी धरून बोलून निरोप पाठवत. शेजाऱ्याच्या मांजरीने गॅलरीत काय केलं, कोपऱ्यावरचं दुकान बंद होऊन तिथे काय येणार आहे, हल्लीच्या कापडाला कसा दम नाही. एकेक निरोप इतका लांब, की जावईबापूंची बस यायची, भरायची, निघून जायची आणि मांजर अजून गॅलरीतच असायची. दोनचार दिवसांत त्यांचे कान किटले.

त्यांनी हे दुःख कचेरीतल्या रोखपालापुढे मांडलं. रोखपाल म्हणजे नवं काही निघालं की आधी फोनमध्ये घालून मग ते काय आहे ते विचारणारा माणूस.

"मग कान कशाला झिजवताय?" तो म्हणाला. "मदतनीस लावा. एआय. तो निरोप ऐकतो, समजून घेतो, तुमच्या नावाने उत्तर देतो. समोरच्याला पत्ता लागत नाही."

"फसवल्यासारखं नाही का होत?"

"फसवणूक कसली? पाणी येणार म्हणून तुम्ही रोज कळवता, ते काय असतं?"

या युक्तिवादापुढे जावईबापूंनी आपला फोन पुढे केला. मदतनिसाने त्यांना एकच गोष्ट विचारली: उत्तराचा सूर कसा हवा? कोरडा, नेमस्त की प्रेमळ. सासरे आहेत, फुकटात मिळतंय, म्हणून जावईबापूंनी 'प्रेमळ'वर बोट ठेवलं. पुढचं सगळं त्या एका बोटाने झालं.

तेव्हापासून त्यांच्या फोनवर रोज संध्याकाळी एक ओळ उमटू लागली: सासरे ठीक आहेत, उत्तर दिलं आहे. जावईबापू ती ओळ वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. आपण काय उत्तर दिलं, हे उघडून बघावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. कचेरीतही ते आपली उत्तरं परत वाचत नसत.

महिनाभराने बायको ड्यूटीवरून आली ती हसतच. "बाबा आज फोनवर चक्क हसले हो. आणि मशीनवरची चादर काढलीय म्हणाले. काय बोलता तरी काय तुम्ही त्यांच्याशी?"

"काही नाही गं. आमचं आपलं असंच."

"असंच म्हणे." तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर ती नजर त्यांनी पाहिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने आपल्या बहिणीला फोन करून, बहिणीच्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की जावई असावा तर असा. जावईबापू आतल्या खोलीत हे ऐकत होते. त्यांना लाज वाटली. अगदी खरी वाटली. पण लाजेचं काय आहे, ती आतल्या खोलीत वाटली तर बाहेर कोणाला दिसत नाही, त्यामुळे तिची फारशी अडचण होत नाही.

मग एका रविवारी सकाळी, काही न कळवता, सासरे दारात उभे. नीट दाढी केलेली, काखेत कापडी पिशवीत काहीतरी लांबट जपून धरलेलं. आत आल्याआल्या त्यांनी जावईबापूंना मिठी मारली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते जावईबापूंना कळेना. मिठी सोडून सासरे मागे झाले, त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी पडली.

"जावईबापू, जरा उभे राहा बघू."

"उभाच आहे, बाबा."

"हं," सासरे म्हणाले. "पळणं चालू आहे ना?"

"कोणाचं?" बायकोने विचारलं.

"यांचं. रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या घालतात ना."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस बस सुटत असली तरी पळत नसे, पुढच्या बसला काय झालं म्हणायचा.

"हल्ली जरा गुडघा धरलाय," जावईबापू म्हणाले.

"बोलला नाहीत कधी."

"तुम्हाला उगाच काळजी."

"असा स्वभाव," सासरे लेकीला म्हणाले. "घरातली भांडीसुद्धा स्वतः घासतात, तुला हात लावू देत नाहीत म्हणाले. वाचून माझे डोळे भरून आले गं."

"हो का?" बायको म्हणाली. "माझेही आत्ताच भरून आले."

आपल्या नावाने कोणीतरी फार चांगला संसार केलेला दिसत होता, आणि त्याचा हिशेब आता आपल्याला द्यावा लागणार, एवढं जावईबापूंच्या लक्षात आलं. तेवढ्यात सासऱ्यांनी पिशवीतून कोट काढला.

गडद निळा. आतून राखाडी अस्तर, काजं सगळी हाताने केलेली, एकेक टाका असा की मोजून घ्यावा. बायकोने तो हातात घेतला. तिच्या लहानपणी घरात सदैव असलं काहीतरी अर्धवट टांगलेलं असायचं. तिने कॉलरवरून नुसता हात फिरवला.

"हिच्या आईमागे पहिलाच," सासरे म्हणाले. "घाला जावईबापू. तुम्ही हट्ट धरला म्हणून झाला."

जावईबापूंनी कोट घातला. खांदे दोन्ही बाजूंनी खाली ओघळले. बाह्यांनी हात गिळले, बोटांची टोकंसुद्धा दिसेनात. आणि पुढून बटण इकडे, काज तिकडे, मधे जावईबापूंचं पोट निवांत उभं. कोट कोणाचा तरी होता. चांगल्या उंच, रुंद खांद्याच्या, सडपातळ माणसाचा. बायकोला आधी हसू फुटलं, मग तिचं वडिलांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि ते तिथेच थांबलं.

सासऱ्यांनी खिशातून टेप काढली. आधी कोट मोजला, मग जावई मोजला, मग पुन्हा कोट. त्यांचे ओठ हलत होते.

"माप तुम्हीच पाठवलंत ना?"

आता इथे खरं बोलायची संधी होती. चांगली ऐसपैस संधी होती. पण जावईबापूंचं आयुष्य तक्रार विभागात गेलं होतं, आणि तिथला पहिला धडा असा, की चूक आपल्याकडून झाली असं कधी म्हणायचं नाही. प्रश्न संपायच्या आत त्यांच्या तोंडून उत्तर निघून गेलं. "हो बाबा. बरोबर पाठवलं होतं."

सासरे खुर्चीवर टेकले. "म्हणजे मीच चुकीचं वाचलं."

"कापड आटलं असेल," जावईबापू घाईने म्हणाले.

"कापड आटलं तर खांदा वाढतो का?"

"मग मीच आटलो असेन."

"उंचीने?"

"वय होतं, बाबा."

"फोन बघा ना बाबा, काय माप आलंय ते," बायको म्हणाली. तिची नजर नवऱ्यावर होती.

"बघून काय करू?" सासरे म्हणाले. "एवढा जीव लावणारा माणूस खोटं कशाला सांगेल? मला शंका आली होती गं. म्हटलं, माझ्या डोळ्यांपुढे जावई येतो तो असा नाही. पण त्यांनी लिहिलंय म्हटल्यावर मला वाटलं, आपलीच आठवण फिरली. आता कळलं, नजरच गेली. वाचण्यातली गेली, मापातली गेली. शिंप्याचं मग राहिलं काय?"

जावईबापू "आलोच" म्हणून न्हाणीघरात शिरले, कडी लावली, बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि त्यांनी आपलेच निरोप पहिल्यांदा उघडून वाचायला घेतले.

सासऱ्यांचे बोललेले निरोपही मदतनिसाने तिथेच लिहून ठेवले होते, आणि वाचता वाचता त्यांचे कान तापले. 'बाबा, तुमच्या हातचा कोट घालायला मिळाला तर माझं भाग्य.' त्यावर सासरे म्हणाले होते, हात थरथरतो हो. 'हात थरथरला तरी तुमचा टाका सरळच पडेल.' मग माप मागितलं होतं, आणि मदतनिसाने जराही न अडखळता माप दिलं होतं. उंची, खांदा, छाती, आणि कंबर बत्तीस. (बत्तीस कंबर जावईबापूंना लग्नातसुद्धा नव्हती. ती त्या दुष्ट वस्तूने कुठून काढली देव जाणे. प्रेमळ सुरात बसत असेल.) कच्चा टाका घालून अंगावर बघायला येऊ का, असं सासऱ्यांनी विचारलं होतं. 'गरज नाही बाबा, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.' लेकीला सांगू नका, तिला चकित करू. 'हे आपल्या दोघांतच राहील.'

इतकंच असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच्याही आधीचा एक निरोप होता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात एकदा त्या पाणी मागत राहिल्या आणि आपण वैतागून त्यांच्यावर ओरडलो, हे सासऱ्यांनी सांगितलं होतं. कोणाला बोललो नव्हतो, लेकीला तर नाहीच, तुम्हाला बोलतोय. शेवटी विचारलं होतं, मी फार बडबडतो का? कंटाळत नाही ना? खाली उत्तर होतं: 'नाही बाबा. मी दिवसभर तुमच्या निरोपाची वाट बघतो.'

जावईबापू त्या बादलीवर बसून राहिले. हे उत्तर चांगलं होतं, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. आपण काय लिहिलं असतं? आपण लिहिलं असतं, नोंद घेतली आहे. त्यांना त्या बत्तीस कंबरेच्या माणसाचा हेवा वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की नळ सोडून तोंडावर पाणी मारावं म्हटलं, तर नळाला पाणी नव्हतं.

बाहेर आले तेव्हा सासरे लेकीला सांगत होते, "आमच्या पोस्टमास्तरांनी कापड आणून दिलंय. हा कोट होतोय हे बघून मीही हो म्हटलं होतं. फोन लावून दे जरा. परत न्या म्हणतो. चांगलं कापड नासवायला नको. आणि मशीन कोणी घेत असेल तर बघ तुमच्या इस्पितळात."

बायकोने फोन हातात घेतला, पण नंबर लावला नाही. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. तिला बरंच काही कळलेलं होतं आणि ती थांबली होती.

"बाबा, माप मी पाठवलं नाही," जावईबापू म्हणाले.

"मग कोणी?"

"मशीनने."

"माझ्या मशीनने?"

"फोनमधल्या. एक मदतनीस असतो, तो आपल्या नावाने उत्तरं लिहितो. पळणं, भांडी, माप, सगळं त्याने लिहिलं. मी काही वाचलंच नव्हतं. मघाशी बरोबर पाठवलं म्हणालो, तेही खोटं."

सासऱ्यांनी आधी कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी आपला फोन काढून लेकीच्या हातात दिला. "माप वाच गं त्यातलं." ती वाचत गेली आणि ते कोटाला टेप लावत गेले. खांदा बरोबर. छाती बरोबर. बाही बरोबर. कंबर बत्तीसच्या बत्तीस, सुतभर फरक नाही.

"तंतोतंत," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हात शाबूत आहे माझा. बघितलंस? नजर पण शाबूत. जावई असा नाही, हे मी आधीच म्हणत होतो." ते आनंदाने कोट उलटसुलट करून बघत राहिले. जावईबापूंनाही वाटलं, सुटलो. त्यांनी हसायला तोंड उघडलं.

मग सासऱ्यांचे हात थांबले.

"म्हणजे मी हिच्या आईचं जे बोललो," ते हळूच म्हणाले, "ते कोणाला बोललो?"

हजारो तक्रारींना उत्तर दिलेल्या जावईबापूंनी हातातला फोन पालथा ठेवला. बायकोने तोंडाचा पट्टा सोडला असता तर बरं, असं त्यांना वाटलं. पण ती वडिलांसाठी पाणी आणायला आत गेली.

सासरे दुपारच्या बसने परत निघाले. रागावले नव्हते. कोट नीट घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला.

"बाबा, तो कोट..." जावईबापू म्हणाले.

"तो तुमचा कुठे आहे?" सासरे साधेपणाने म्हणाले. "त्या मापाचा कोणी भेटला तर देईन."

जावईबापूंनी मदतनीस फोनमधून काढून टाकला. मग ते रोज कचेरीत जाता-येता सासऱ्यांचे जुने निरोप पहिल्यापासून ऐकू लागले. मांजर, दुकान, कापड, सगळं. (मांजरीची गोष्ट चांगली होती. शेवट त्यांना आता कळला.) आणि सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी माफीचा निरोप लिहायला घेतला, स्वतःच्या डोक्याने. पहिल्यांदा तो 'आपल्या भावना समजल्या असून' असा सुरू झाला. तो पुसला. मग त्यांनी जीव ओतून लिहिलं. मी तुमचा अपराधी आहे, तुम्ही विश्वासाने बोललात आणि मी ऐकलंही नाही, आता सगळं ऐकलंय, जमलं तर पुन्हा बोला. लिहिताना त्यांचे डोळे खरंच ओले झाले. पाठवून ते वाट बघत बसले.

सासऱ्यांचा फोन आला तो बायकोला.

"अगं," ते म्हणाले, "यांनी ते फोनमधलं परत लावलंय. फार गोड लिहिलंय."

बायकोने हात पुढे केला. जावईबापूंनी निमूट फोन दिला. तिने निरोप दोनदा वाचला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"'अपराधी' वगैरे?"

"मनापासून लिहिलंय गं."

"तो मदतनीसही असंच म्हणायचा," ती म्हणाली आणि फोन परत दिला. मग जरा वेळाने, स्वयंपाकघरातून, तितकी कडवट न होता म्हणाली, "जाऊन भेटा त्यांना. तोंडाने बोला. तोंड तरी तुमचं आहे."

पुढच्या सुट्टीला जावईबापूंनी सासऱ्यांच्या गावची बस धरली. बसमध्ये ते सगळा वेळ काय बोलायचं ते पुटपुटत होते. शेजारचा प्रवासी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला आणि मग जागा बदलून मागे गेला. पण बस गावात शिरेपर्यंत एकेक वाक्य त्यांच्या जिभेवर बसलं होतं.

सासऱ्यांचं दार उघडंच होतं. मशीन चालू होती आणि सुईखाली तपकिरी कापड होतं, पोस्टमास्तरांचं. ते बघून जावईबापूंच्या मनावरचा अर्धा भार उतरला. सासऱ्यांनी मान वर केली, पाय थांबवला. जावईबापू उंबऱ्यातच उभे राहिले आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. आपण आळस केला, वर खोटं बोललो, तुमची नजर गेली असं तुम्हाला वाटू दिलं, सासूबाईंचं जे तुम्ही बोललात ते ऐकायला मी असायला हवा होतो आणि नव्हतो. कुठे अडखळले नाहीत, एक शब्द चुकला नाही. आवाज मात्र शेवटी फुटला.

सासऱ्यांनी चष्मा काढला. उठले, सावकाश जवळ आले. मिठी येणार म्हणून जावईबापू अर्धं पाऊल पुढे झाले.

सासऱ्यांनी कोटाच्या ट्रायलला धरावी तशी त्यांची हनुवटी धरली, मान उजवीकडे वळवली आणि वाकून डाव्या कानात पाहिलं. मग मान डावीकडे वळवली आणि उजव्या कानात पाहिलं.

"आतून सांगणारं काही घातलेलं नाही," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "म्हणजे पाठ करून आलात."

जावईबापूंनी मान हलवली. पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना. पाठ तेवढंच केलं होतं.